गेळा : खडकाळ उतारावरचे काटेरी झुडूप आणि त्याचे फसवे फळ

गेळा हे डोंगरउतारांवर आपोआप वाढणारे काटेरी, पानझडी झुडूप आहे. कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळा-जोतिबाच्या परिसरापासून भुदरगड-आजऱ्याकडच्या माळरानांपर्यंत मुरमाड, दगडगोट्यांच्या जमिनीत ते आढळते. त्याच्या फळाला गेळफळ म्हणतात. आयुर्वेदात हेच फळ मदनफळ या नावाने ओळखले जाते आणि उलटी करवणाऱ्या औषधांत त्याला पहिले स्थान आहे. ओढ्याच्या पाण्यात कुटून टाकले तर याच फळाने मासे गुंगतात.

याच उतारांवर अळू नावाचे दुसरे काटेरी झुडूप वाढते. (भाजीचे, मोठ्या पानांचे अळू ते वेगळे.) त्याची फळे आवडीने खाल्ली जातात आणि उन्हाळ्याच्या शेवटी बाजारातही येतात. दोन्ही झुडपे एकाच कुळातली, दोन्हींना काटे आणि दोन्हींची फळे गोल, पिवळसर असतात. त्यामुळे रानात फिरणाऱ्याला, विशेषतः मुलांना, गेळा ओळखता येणे फार गरजेचे आहे.

नाव आणि कुळ

गेळ्याला मराठीत गेळ, गेळफळ, हिंदीत मैनफल आणि संस्कृतात मदन किंवा मदनफल म्हणतात. शास्त्रीय नाव कॅट्युनारेगम स्पायनोसा. कुळ रुबिएसी, म्हणजे कॉफीचे कुळ. कॉफी, अनंत, कदंब आणि एक्झोरा ही त्याची नात्यातली झाडे.

या झुडपाची शास्त्रीय नावे अनेकदा बदलली आहेत. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पीटर थुनबर्ग यांनी १७८० मध्ये त्याचे वर्णन गार्डेनिया स्पायनोसा या नावाने केले, म्हणजे त्याला अनंताच्या प्रजातीत ठेवले. पुढे ते रँडिया या प्रजातीत गेले. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा रँडिया डुमेटोरम हे नाव रूढ होते. जुन्या औषधी ग्रंथांत आणि काष्ठौषधींच्या याद्यांत आजही तेच नाव दिसते. आजचे नाव तिरुवेंगडम यांनी १९७८ मध्ये निश्चित केले. कोल्हापूर जिल्ह्यातील वनस्पतींची सविस्तर नोंद करणारा श्री. रा. यादव आणि मि. म. सरदेसाई यांचा ग्रंथ शिवाजी विद्यापीठाने २००२ मध्ये प्रसिद्ध केला. जिल्ह्यातली रानझाडे शास्त्रीय पद्धतीने ओळखायची असतील तर तो महत्त्वाचा आधार आहे.

स्पायनोसा म्हणजे काटेरी. हेच विशेषण युरोपातल्या एका प्रसिद्ध झुडपाच्या नावातही आहे. तिकडच्या खडकाळ उतारांवर आणि शेतांच्या बांधांवर ब्लॅकथॉर्न नावाचे काटेरी, पानझडी झुडूप वाढते. त्याला प्रूनस स्पायनोसा हे नाव कार्ल लिनीयस यांनी १७५३ मध्ये दिले. थुनबर्ग हे लिनीयस यांचेच विद्यार्थी. ब्लॅकथॉर्न गुलाबाच्या कुळातले, आलुबुखारच्या नात्यातले आहे; गेळ्याशी त्याचे कुळाचे नाते नाही. तरीही काटे, पानगळ, पांढरी फुले आणि कुंपणासाठी होणारा वापर ही दोघांमधली साम्ये लक्षात येण्याजोगी आहेत.

झुडूप कसे दिसते

गेळा साधारण तीन ते पाच मीटर उंच होतो. चांगली माती आणि ओल मिळाली तर त्याचा लहान वृक्षही होतो, पण उघड्या उतारावर तो बहुधा माणसाच्या उंचीच्या आसपासच राहतो. फांद्या ताठ आणि आडव्या पसरलेल्या असतात. पानांच्या बगलेतून सरळ, टणक काटे निघतात. ते एक ते चार सेंटिमीटर लांब असून बहुधा समोरासमोर जोडीने येतात.

पाने लहान, टोकाकडे रुंद आणि देठाकडे निमुळती असतात. ती फांदीभर विखुरलेली नसतात, तर आखूड उपफांद्यांच्या टोकाशी झुबक्याने येतात. गेळा ओळखण्याची ही एक चांगली खूण आहे.

फुले उन्हाळ्यात, नव्या पालवीबरोबर येतात. उमलताना ती पांढरी असतात आणि एक-दोन दिवसांत पिवळी पडतात, त्यामुळे एकाच फांदीवर दोन रंगांची फुले दिसतात. त्यांना मंद सुगंध असतो. फळ दोन ते चार सेंटिमीटरचे, गोल किंवा किंचित लांबट असते. कच्चे असताना हिरवे, पिकल्यावर पिवळे आणि वाळल्यावर तपकिरी व कडक होते. फळाच्या डोक्यावर फुलाच्या निदलपुंजाचा, म्हणजे हिरव्या पाकळ्यांचा, मुकुटासारखा भाग तसाच राहतो. आत दोन कप्पे असतात आणि गरात पुष्कळ चपट्या बिया दाटीने बसलेल्या असतात.

पाने का गळतात

कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस झपाट्याने कमी होतो. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर शिरोळकडे त्याच्या एक दशांशाइतकाच. पण पाऊस कितीही असो, तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. डोंगरउतारावर बेसाल्ट किंवा जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर असतो. त्यात पाणी फार काळ टिकत नाही. पावसाळ्यात चिंब असलेला उतार फेब्रुवारी-मार्चपर्यंत कोरडा ठणठणीत होतो.

पानांतून सतत पाण्याची वाफ जात असते. मुळांना पाणी मिळत नसताना पाने राखणे झाडाला परवडत नाही. म्हणून गेळा कोरड्या दिवसांत पाने गाळतो आणि काही काळ फक्त काटे व सुकलेली फळे घेऊन उभा राहतो. पावसाची चाहूल लागण्याआधीच त्याला नवी पालवी फुटते.

युरोपातला ब्लॅकथॉर्न पाने गाळतो तो थंडीसाठी. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते, उजेड कमी होतो आणि कोवळी पाने हिमाने जळतात. म्हणजे दोन्ही झुडपे वर्षातला कठीण काळ पानांशिवाय काढतात. एकासाठी तो हिवाळा असतो, दुसऱ्यासाठी उन्हाळा.

काटा नेमका काय असतो

सगळे काटे सारखे नसतात. गुलाबाचा काटा हा खोडाच्या सालीवरची वाढ असते. बाजूला दाबला की तो सहज तुटतो आणि आतल्या लाकडाशी त्याचा संबंध नसतो. बोर आणि बाभळीचे काटे पानाच्या देठाशी असणाऱ्या उपपर्णांपासून बनतात. गेळ्याचा काटा मात्र रूपांतरित फांदी असते. त्यात लाकूड असते, म्हणून तो वाकत नाही आणि मोडायलाही कठीण असतो. करवंदाचा आणि ब्लॅकथॉर्नचा काटाही याच प्रकारचा.

ज्या उतारावर पाणी आणि माती दोन्ही अपुरी असतात, तिथे एक पान गमावले तर ते भरून काढायला वेळ लागतो. म्हणून कोवळी पालवी जनावरांपासून वाचवणे अशा झुडपाच्या फायद्याचे असते. काटे हे संरक्षण पूर्ण देत नाहीत. शेळ्या जीभ आणि ओठ जपून वापरत गेळ्याचा कोवळा पाला खुडतातच. पण काट्यांमुळे त्यांचा वेग कमी होतो आणि झुडूप पार उघडे होत नाही. काट्यांच्या आडोशाला उगवलेली इतर झाडांची रोपेही चरणाऱ्या जनावरांपासून काहीशी वाचतात.

फळातले सॅपोनिन

गेळफळाचा परिणाम मुख्यतः त्यातल्या सॅपोनिन या गटातल्या द्रव्यांमुळे होतो. सॅपोनिन पाण्यात मिसळले की फेस येतो. रिठ्याला फेस येतो तोही याच द्रव्यांमुळे. म्हणूनच काही भागांत गेळफळाचा उपयोग कपडे धुण्यासाठी होत असे.

सॅपोनिन पेशींच्या पातळ आवरणाला इजा करते. माशाच्या कल्ल्यांत रक्त आणि पाणी यांच्यामध्ये अतिशय नाजूक पडदा असतो. पाण्यातले सॅपोनिन थेट तिथे पोहोचते, श्वसन बिघडते आणि मासा गुंगून वर येतो. माणसाच्या पोटात मात्र ते फारसे शोषले जात नाही. ते जठराच्या अस्तराला चुरचुरवते आणि शरीर उलटी करून ते बाहेर टाकते. मासे गुंगवणारे फळ माणसासाठी उलटीचे औषध कसे ठरते, याचा उलगडा यात आहे.

पाणवठ्यात विषारी पदार्थ टाकून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने बंदी आहे. वनस्पती स्थानिक असली तरी त्यामुळे नियम बदलत नाही. अशा मासेमारीत खाण्याजोग्या माशांबरोबर पिल्ले आणि बेडकांचे डिंभही मरतात.

एवढे कडू फळ कोणी खात नसेल असे वाटते, पण काही अळ्यांचे ते घरच आहे. डाळिंब बागायतदार जिला सुरसा अळी म्हणतात, ती फळ पोखरणारी अळी एका निळसर फुलपाखराची असते. हे फुलपाखरू आणि त्याचे जवळचे नातलग गेळफळातही वाढतात. अळी आत राहून गर व बिया खाते आणि फळाला गोल भोक दिसते.

मदनफळ आणि वमन

आयुर्वेदातल्या पंचकर्मांपैकी पहिले कर्म वमन, म्हणजे औषध देऊन, ठरवून करवलेली उलटी. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वमन आणि विरेचन यांचे एकूण ६०० योग दिले आहेत. त्यांतले ३५५ वमनाचे आणि २४५ विरेचनाचे. वमनाच्या ३५५ योगांपैकी १३३ एकट्या मदनफळाचे आहेत. कल्पस्थानाचा पहिला अध्यायही मदनफळावरच आहे. संहितेचा हा भाग दृढबलाने पूर्ण केला असे मानले जाते.

मदनफळाला वमनद्रव्यांत श्रेष्ठ म्हटले आहे, त्याचे कारण ते सर्वांत तीव्र आहे हे नव्हे. इतर वमनद्रव्यांच्या तुलनेत त्यातून अपाय कमी होतो, म्हणून त्याला पहिला मान आहे. पण हा कमी अपाय कशावर अवलंबून आहे, हेही त्याच अध्यायात दिसते. वसंत आणि ग्रीष्म यांच्या संधीला, पिकलेली, फिकट पिवळी, भोक न पडलेली आणि किडीने न खाल्लेली फळे निवडायची. ती कुशाच्या गवतात बांधून, वरून शेणाने लिंपून, धान्याच्या किंवा कोंड्याच्या राशीत आठ दिवस पुरून ठेवायची. मऊ होऊन मधासारखा वास आला की बाहेर काढून वाळवायची. मग आतल्या बिया काढून तूप, दही, मध आणि तिळाच्या कल्काबरोबर मळायच्या, पुन्हा वाळवायच्या आणि स्वच्छ, नव्या भांड्यात भरून ठेवायच्या. या बियांना मदनफळपिप्पली म्हणतात. औषध म्हणून त्या वापरल्या जातात. रानातून तोडलेले कच्चे फळ नव्हे.

आजही वसंत ऋतूत, साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास, अनेक आयुर्वेद रुग्णालयांत वमनाची शिबिरे होतात. तिथे रुग्णाची आधी तपासणी होते. काही दिवस स्नेहन-स्वेदन, म्हणजे तूप-तेल आणि शेक यांची पूर्वतयारी करतात. वमनाच्या वेळी नाडी आणि रक्तदाब पाहतात आणि नंतर पेजेपासून हळूहळू आहार वाढवतात. गर्भवती, लहान मुले, वृद्ध, अशक्त आणि हृदयविकार असलेल्या व्यक्तींना वमन देत नाहीत.

धोका सुरू होतो तो या सगळ्या पायऱ्या गाळल्यावर. काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेले मदनफळ सहज मिळते आणि शरीरशुद्धीचा घरगुती उपाय म्हणून ते घेण्याचा मोह होतो. अतिवमनाने शरीरातले पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात, घशाला व जठराला इजा होऊ शकते आणि उलटीचा अंश श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. ज्या ग्रंथांनी मदनफळाला मान दिला, त्यांनीच वमन बिघडल्यास काय करावे यावरही सविस्तर लिहिले आहे.

गेळा की अळू

अळूचे शास्त्रीय नाव मेयना लॅक्सिफ्लोरा. त्याची फळे पिकली की मऊ, तपकिरी-पिवळी आणि आंबटगोड होतात. गेळा आणि अळू यांतला फरक पुढील खुणांनी कळतो.

फळाचे डोके : गेळफळाच्या टोकाला निदलपुंजाचा ठळक मुकुट असतो. अळूच्या टोकाला फक्त लहानसा वर्तुळाकार वण दिसतो.

बिया : फळ आडवे कापले की सर्वांत खात्रीची खूण मिळते. गेळफळात दोन कप्प्यांत पुष्कळ बारीक, चपट्या बिया असतात. अळूत चार-पाच मोठ्या, दगडासारख्या कठीण बिया असतात.

पाने : गेळ्याची पाने लहान, टोकाकडे रुंद आणि झुबक्यात. अळूची पाने मोठी, टोकाकडे निमुळती. ती समोरासमोर किंवा तीन-तीनच्या वर्तुळात येतात.

फुले : गेळ्याची फुले ठसठशीत, पांढरी आणि मग पिवळी, एकेकटी किंवा दोन-तीन. अळूची फुले बारीक, हिरवट आणि गुच्छात.

हंगाम : अळू उन्हाळ्याच्या शेवटी पिकतात. गेळफळे हिवाळ्यात पिकतात, पण काही सुकून उन्हाळ्यातही फांदीवर राहतात. त्यामुळे केवळ महिन्यावरून निष्कर्ष काढू नये.

ठाणे-रायगडकडे आणखी एक साम्य गोंधळात टाकते. तिथे पेंढर नावाच्या काटेरी झाडाच्या कोवळ्या फळांची भाजी करतात. पूर्वी पेंढर आणि गेळा एकाच प्रजातीत गणले जात. पेंढराचे फळ मोठे, पेरूएवढे होते. रानभाज्यांची आवड वाढत असताना शहरातून आलेल्या हौशी माणसाने अशी फळे स्वतः तोडण्यापेक्षा ती रोज हाताळणाऱ्या स्थानिक माणसाकडून ओळख करून घेणे श्रेयस्कर.

चुकून गेळफळ खाल्ले गेले तर उलट्या, मळमळ आणि पोटात मुरडा येतो. अशा वेळी आणखी उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये. तोंड धुवावे, व्यक्ती शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्यावे आणि दवाखान्यात न्यावे. लहान मूल असेल, उलट्या थांबत नसतील किंवा गुंगी येत असेल तर उशीर करू नये; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. खाल्लेले फळ किंवा फांदी बरोबर नेली तर डॉक्टरांना ओळखायला मदत होते.

कुंपण, लाकूड आणि लग्नाचे कंकण

डोंगराकडेच्या शेतांना गुराढोरांपासून राखण्यासाठी काटेरी झुडपांच्या फांद्यांची वई घालण्याची पद्धत आहे. गेळा या कामाला उत्तम, कारण त्याचा काटा वाळल्यावरही टणक राहतो. लाकूड घट्ट आणि कठीण असते. त्याच्या काठ्या आणि शेती अवजारांचे लहान भाग बनवतात. युरोपात ब्लॅकथॉर्नच्या लाकडालाही काठ्यांसाठी असाच मान आहे, आणि तिथले शेतांचे बांध शतकानुशतके त्याच्या जिवंत कुंपणाने राखले गेले आहेत.

गुजरातेत गेळफळाला मींढळ म्हणतात आणि लग्नात ते वधूवरांच्या मनगटावर बांधतात. महाराष्ट्रात लग्नाच्या कंकणात हळकुंड बांधण्याची रीत आहे.

उतारावरचे त्याचे स्थान

गेळा दुर्मीळ नाही. तोडल्यावर बुंध्यातून तो पुन्हा फुटतो. पण तारेच्या कुंपणाने वईची गरज कमी केली आहे आणि काटेरी झुडूप म्हणजे निरुपयोगी झुडूप, असे समजून उतार साफ करताना पहिली कुऱ्हाड त्यावरच पडते. उन्हाळ्यात कोल्हापूर परिसरातल्या डोंगरांवर वणवे पेटतात. जुने गवत जाळले की नवे गवत चांगले येते, या समजुतीने काही ठिकाणी ते मुद्दाम लावले जातात. मोठ्या झुडपाचा बुंधा आगीतून वाचू शकतो; बी रुजून नुकतेच आलेले रोप वाचत नाही. दरवर्षी आग लागली तर जुनी झुडपे दिसत राहतात, पण त्यांच्या जागी नवी येत नाहीत.

पातळ मातीच्या उतारावर अशा झुडपांची मुळे माती धरून ठेवतात. ती गेली की पहिल्या मोठ्या पावसात माती ओढ्यात जाते आणि खाली उघडा कातळ राहतो. वृक्षारोपणासाठी उतार निवडताना आधीपासून उभे असलेले गेळे, करवंदी आणि अळू तोडून तिथे नवी रोपे लावणे म्हणूनच उलटे पडते. पाण्याशिवाय उन्हाळा काढायला शिकलेली झुडपे तिथे आधीच आहेत. त्यांच्या आडोशाला लावलेल्या रोपाला सावली मिळते आणि चरणाऱ्या जनावरांपासून थोडे संरक्षणही मिळते.